चौकटीचे चौथे लाकूड

'चौकट' हा शब्द आपण इतक्या वेळा वापरतो की त्यातला आकडा आपल्याला ऐकूच येत नाही. चौकट म्हणजे चतुष्काष्ठ, चार लाकडांची. दोन उभी, एक वर आडवे आणि एक खाली आडवे. आता जरा उठून घरातल्या एखाद्या दाराकडे पाहा. मुख्य दाराकडे नको, आतल्या दाराकडे. निजायच्या खोलीच्या किंवा स्वयंपाकघराच्या. लाकडे मोजा. घर गेल्या तीस-चाळीस वर्षांतले असेल तर बहुधा तीनच भरतील. दोन उभे खांब थेट जमिनीत गेलेले दिसतील आणि दाराखाली दिसेल एक फट.

शब्दात चार लाकडे राहिली, वस्तूत तीन. हे चौथे लाकूड म्हणजे उंबरा. तो कधी गेला, का गेला, आणि जाताना आपली कामे कोणावर सोपवून गेला, याचा हा थोडासा शोध. वाचकांना वाटेल, दाराखालच्या फटीवर कसला इतिहास लिहायचा! पण पहिल्या पावसात त्याच फटीतून मुंग्यांची रांग आत आली की हा विषय क्षुल्लक वाटत नाही.

उंबरा किंवा उंबरठा हा शब्द झाडाच्या नावावरून आला. संस्कृतात 'उदुंबर' म्हणजे उंबराचे झाड आणि 'उदुंबर' म्हणजेच दाराखालचे आडवे लाकूडही. देवळांच्या शिल्पशास्त्रात गर्भगृहाच्या दाराखाली जो दगड असतो त्यालासुद्धा उदुंबरच म्हणतात. त्याच्या मधोमध पुढे आलेला अर्धगोल भाग म्हणजे मंदारक, त्याच्या दोन्ही बाजूंना पुष्कळदा कीर्तिमुखे, आणि समोर जमिनीलगत चंद्रशिला. दगडाच्या वस्तूला झाडाचे नाव मिळाले, यावरून तिचा मूळ पिंड लाकडाचा होता हे कळते. उंबराचे लाकूड इमारतीला फारसे चांगले समजत नाहीत, पण ते पाण्यात टिकते. म्हणून विहिरीच्या तळाशी घालायच्या चौकटीला ते वापरीत असत. घरातले सर्वांत जास्त ओल सोसणारे लाकूड दाराखालचेच असते, हे लक्षात घेतले की हे नाव अगदीच आगंतुक वाटत नाही.

उंबऱ्याला धर्मात, भाषेत आणि संसारात केवढी जागा आहे ते आपल्याला ठाऊकच आहे. हिरण्यकशिपूला घरात मारायचे नाही आणि घराबाहेरही नाही, म्हणून नरसिंहाने उंबरठा निवडला. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आत-बाहेर दोन्हीकडे उजेड देतो, त्यावरून 'देहलीदीपन्याय' आला. नवी नवरी तांदळाचे माप ओलांडते ते उंबऱ्यावरचे. कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात, तारुण्याच्या उंबरठ्यावर माणूस उभा राहतो. जब्बार पटेलांच्या १९८२ च्या चित्रपटाचे नावच 'उंबरठा' होते आणि त्यातल्या बाईची गोष्ट काय असेल ते निम्मे त्या नावातच कळत होते. या सगळ्यावर पुष्कळ लिहून झालेले आहे. मला सांगायचे आहे ते याच्या खालचे, म्हणजे उंबरा सुतार-गवंड्यांच्या दृष्टीने कोणते काम करीत होता ते. कारण कोणतेही लाकूड केवळ पूजेसाठी शेकडो वर्षे घरात टिकत नाही.

उंबऱ्याची कामे माझ्या मते तीन होती.

पहिले काम वजन पेलण्याचे. जुन्या दारांना बिजागऱ्या नसत. दाराच्या एका कडेच्या फळीला वर आणि खाली एकेक खुंट ठेवलेला असे. वरचा खुंट माथ्याच्या लाकडातल्या भोकात आणि खालचा उंबऱ्यातल्या खळग्यात फिरे. दाराचा सगळा भार त्या खळग्यावर. जुन्या वाड्यांचे, किल्ल्यांचे, देवळांचे दरवाजे पाहाल तर उंबऱ्याच्या टोकाला असा गोल खळगा अजून दिसतो. कधी दगडात, कधी लाकडात, कधी आत लोखंडी वाटी बसवलेली. अशा दाराला उंबरा नसेल तर दार उभेच राहणार नाही. म्हणजे उंबरा हा तेव्हा दाराचा पाया होता.

मग बिजागरी आली. आता हा शब्द आपल्याला अस्सल मराठी वाटतो, पण तो पोर्तुगीज 'बिसाग्रा'चा वंशज आहे. आसगावला जन्मलेल्या मोन्सेनोर सेबास्तियाव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात असे शब्द शेकड्यांनी सापडतात. दारापुरते पाहिले तरी बिजागरी, चावी, आणि दार बसवणारा मेस्त हे तिघेही पोर्तुगिजांकडून आलेले. कोकणीतले जनेलही तिकडचेच. याचा अर्थ १५१० पूर्वी आपल्याकडे लोखंडी कडी-बिजागरी मुळी नव्हती असा नव्हे. पण एखाद्या वस्तूचे परके नाव मेस्ताच्या तोंडी रुळते, तेव्हा ती वस्तू परक्यांच्या बांधकामातून सर्रास वापरात आली असावी, एवढे तर म्हणता येते. बिजागरीने दाराचा भार उंबऱ्यावरून काढून बाजूच्या उभ्या खांबावर टांगला. उंबऱ्याचे पहिले काम तिथे संपले.

तरीही उंबरा गेला नाही, कारण त्याचे दुसरे काम शिल्लक होते: पातळी धरण्याचे. हे समजायला मातीची जमीन आठवावी लागते. चिऱ्यांच्या किंवा मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले आणि खाली माती चोपून शेणाने सारवलेली जमीन, हे आमच्याकडच्या साध्या घराचे रूप होते. मोठ्या घरांत राजांगण, चौकी, खांब, ऐसपैस वसरी; पण आतल्या कित्येक खोल्यांची जमीन तीच. अशी जमीन कधी स्थिर नसते. सारवणाचे थर चढत जातात, येण्याजाण्याच्या वाटेवर खड्डा पडतो, पावसाळ्यात एक कोपरा खचतो, चवथीच्या आधी पुन्हा माती घालून चोपतात. अशा हलत्या जमिनीवर दाराची खालची कड नेमकी टेकणार कशी? एक इंच वर ठेवावे तर उंदीर येतो, अर्धा इंच ठेवावे तर दार मातीत रुतते.

यावरचा जुना तोडगा असा, की दार जमिनीला भिडवायचेच नाही. जमिनीपेक्षा तीन-चार इंच उंच एक कठीण, सरळ लाकूड घालायचे आणि दार त्या लाकडावर येऊन थांबेल असे करायचे. जमीन खाली-वर झाली तरी दाराला त्याची खबर लागत नाही. शिवाय दोन खोल्यांची जमीन वेगवेगळ्या उंचीची असली तरी मधला उंबरा दोन्हींची कड धरून ठेवतो, सारवताना एका खोलीचा काला दुसरीत जाऊ देत नाही. आणि चौकट भिंतीच्या आधी उभी करीत असल्यामुळे, दोन उभ्या खांबांचे पाय एकमेकांपासून सरकू न देण्याचे कामही हेच लाकूड करी. चौकट उभी करताना हळदकुंकू, नाणे, आंब्याचा टाळा असा थाट असे. तो उगीच नव्हता. घराचे पहिले सरळ माप तिथे लागत असे.

तिसरे काम त्यातूनच आपोआप होई: फट बंद राहण्याचे. दार चारही बाजूंनी लाकडाच्या खाचेत बसले की वारा, पाणी, विंचू-किरडू, धूर आणि आवाज यांना सरळ वाट उरत नाही.

आता सिमेंटकडे वळतो. जोसेफ ऍस्पडिन या इंग्रज गवंड्याने 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले ते १८२४ साली. हिंदुस्थानात यशस्वीपणे सिमेंट तयार होऊ लागले ते १९१४ मध्ये, पोरबंदरला. गोव्यातल्या श्रीमंत घरांत फरशा आणि लाल-काळ्या घोटलेल्या जमिनी मुक्तीच्या आधीच आल्या होत्या. पण सामान्य माणसाच्या निजायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात सिमेंटचा कोबा आला तो १९६१ नंतर, आणि तोही हळूहळू. हळूहळू का, याची दोन कारणे मला महत्त्वाची वाटतात.

एक कारण सिमेंटच्या पोत्याचे. आज दुकानात जाऊन हवी तेवढी पोती आणता येतात, म्हणून नव्या पिढीला हे खरे वाटणार नाही. पण त्या काळी सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होते. घराची जमीन करायची तर परमिट काढावे लागे. शेजारच्या महाराष्ट्रात याच सिमेंटच्या प्रकरणावरून बॅ. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. माझ्या पाहण्यातल्या कित्येक घरांत सारवणाची जमीन गेली आणि कोबा आला तो याच सात-आठ वर्षांत. त्याच्या आधीचा कोबा पाहाल तर तो पातळ असतो, मातीवर जेमतेम इंचभर. पोती मोजून मिळत, त्याचा तो पुरावा.

दुसरे कारण जमिनीच्या मालकीचे. गोव्यात हजारो कुटुंबे भाटकाराच्या जमिनीत मुंडकार म्हणून राहत होती. डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर असताना पायाखाली सिमेंट कोण घालील? १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरातून हाकलण्याविरुद्ध संरक्षण मिळाले. कायद्याने सगळे प्रश्न सुटले असे नाही, खटले पिढ्यान् पिढ्या चालले. पण 'उद्या इथे असू' ही खात्री आल्याशिवाय माणूस जमिनीत पैसा घालीत नाही. म्हणून मुंडकाराच्या घरातला पहिला कोबा मला नुसती सोय वाटत नाही. तो, बोलून न दाखवलेला, हक्काचा शिक्का होता.

कोबा आला आणि उंबऱ्याचे दुसरे कामही गेले. जमीन आता कठीण झाली, न हलणारी झाली. दार तिच्यावरूनच फिरू शकते, मध्ये लाकूड कशाला? झाडताना, पुसताना ते आडवे येते. त्यात पाय अडखळतो. सागवानाचे तीन-चार फूट वाचतात. फ्लॅट बांधणाऱ्यांना तर हा हिशेब फारच पटला: घरात सहा दारे, इमारतीत साठ. चौकट भिंतीत लोखंडी होल्डफास्टने पकडायची, उभ्या खांबांचे पाय दीड-दोन इंच जमिनीत पुरायचे, झाले काम. चौथ्या लाकडाची गरज संपली. पुष्कळांनी मुख्य दाराला तेवढा उंबरा ठेवला, कारण लक्ष्मी तिथून येते. आतल्या दारांचा उंबरा कोणालाही न विचारता गेला.

पण त्याचे तिसरे काम कोणीच घेतले नाही. बिजागरीने भार घेतला, कोब्याने पातळी घेतली, फट मात्र उघडीच राहिली.

कोबा सपाट असतो हा आपला समज असतो. प्रत्यक्षात गवंडी तो पट्टीने ओढतो तेव्हा कुठे दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटा, कुठे तेवढाच खळगा राहतोच. न्हाणीकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. दार बंद असताना खाली जेवढी जागा दिसते तेवढी दार उघडताना राहत नाही; अर्ध्या वाटेत ते उंचवट्यावर घासते. मग सुतार खालची कड तासतो. उंचवट्यावरून सुटेल इतकी तासली की बंद दाराखाली एक सेंटिमीटरची फट पडते. नव्वद सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली एक सेंटिमीटर फट म्हणजे नव्वद चौरस सेंटिमीटर. तेवढाच झरोका, साडेनऊ सेंटिमीटरचा चौकोन, आपण दाराच्या मधोमध कापला असता का? दाराच्या क्षेत्रफळाचा हा जेमतेम अर्धा टक्का भाग, पण तेवढ्यातून आवाज असा जातो की दार कितीही जाड असले तरी तेवीसेक डेसिबलपेक्षा जास्त आवाज ते अडवू शकत नाही. बाहेरच्या खोलीतली मालिका आत शब्दन् शब्द ऐकू येते ती म्हणूनच.

इथे एक गैरसमज आमच्याकडे फार आहे, त्याबद्दल दोन शब्द. 'पावसात दार फुगते आणि खाली घासते' असे सगळे म्हणतात. लाकूड फुगते हे खरे, पण ते आडवे फुगते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, त्याची वाढ नगण्य असते. दाराच्या उभ्या फळ्यांच्या रेषा उभ्या असतात. त्यामुळे पावसाळ्यात दार रुंद होते, ते कडीच्या बाजूला अडकते. उंची जवळजवळ तेवढीच राहते. खाली घासत असेल तर बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार कडीच्या बाजूला ओघळलेले असते. अशा वेळी खालची कड तासणे म्हणजे डोके दुखते म्हणून पायाला पट्टी. स्क्रू आवळावा, गरज पडली तर मोठा घालावा, आणि रंधा कडीच्या बाजूला मारावा. आषाढात तासलेली खालची कड माघात परत उगवत नाही. फट तेवढी कायमची वाढते.

गेल्या वर्षी वडिलांच्या खोलीचे दार नव्याने बसवायचे ठरले तेव्हा हा सगळा इतिहास माझ्यापुढे एका प्रश्नाच्या रूपात आला. खोली जुन्या घराच्या मागच्या बाजूची. तिथे मूळचा उंबरा चार इंचांचा होता. जमीन उकरून नवा कोबा घातला होता. वडील आता वॉकर घेऊन चालतात, त्यांना उंबरा ओलांडणे शक्य नाही. पण खोलीला लागून स्वयंपाकघर. धूर, फोडणीचा ठसका, मुंग्या, रात्री भांड्यांचा आवाज. वडिलांना झोप कमी. उंबरा नको आणि फटही नको, असे ते कोडे होते.

आमचा मेस्त वयस्क आहे. तो म्हणाला, "बाब, उंबरा काढलात तर दार नुसता पडदा होणार." मी म्हटले, "आणि ठेवला तर बाबा खोलीत अडकून पडणार." त्यावर तो बराच वेळ दाराच्या जागी उकिडवा बसला आणि मग म्हणाला, "तर मग उंबरा निजवूया."

त्याने जे केले ते सविस्तर सांगतो, कारण कोब्यावर दार बसवणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडेल.

आधी त्याने काहीच केले नाही, थांबायला लावले. नव्या कोब्यात पाणी असते आणि ते सावकाश निघते; जाडीच्या दर इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब आहे, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. तोपर्यंत लाकूड बसवले तर ते पाणी लाकूड पिते. महिने उलटल्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि एक दिवस ठेवला. खाली दव धरले नाही, म्हणजे जमिनीतून ओल येत नव्हती.

मग पाण्याच्या नळीने पातळी काढली. दार बंद असते त्या रेषेवरच नव्हे, तर दार फिरते त्या सगळ्या कमानीवर. खडूने सर्वांत उंच जागा खुणावली. दाराची उंची त्या जागेवरून ठरवली. उंचवटा लहान होता, तो घासून काढला. दार तासण्यापेक्षा जमीन घासणे बरे. चौकटीचे खांब त्याने जमिनीत पुरले नाहीत. पुरलेल्या पायाला ओल आणि वाळवी दोन्ही लागतात. प्रत्येक खांबाखाली ग्रॅनाइटचा लहान तुकडा ठेवला, भिंतीला पक्के पकडले, आणि खांब व दगड यांच्यामधली बारीक फट लवचिक सीलंटने भरली. सिमेंटने भरली असती तर पहिल्या उन्हाळ्यात लाकूड आकसून तिथे भेग पडली असती.

निजलेला उंबरा म्हणजे चार इंच रुंद, अर्धा इंच जाड सागवानी पट्टी, दोन्ही कडा उतरत्या तासलेल्या. अर्धा इंच हे माप मेस्ताने डोळ्याने ठरवले. पण चाकांच्या खुर्चीसाठी अमेरिकेत जे नियम आहेत त्यांतही दाराच्या उंबऱ्याला हीच मर्यादा घातलेली आहे. आपल्याकडचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात असे सांगतो. घराचे आपणच पाहायचे. पट्टीखाली सीलंटचा थर देऊन ती कोब्यात स्क्रूने बसवली, म्हणजे तिच्याखालूनही पाणी जाऊ नये.

दार टांगण्याआधी त्याने ते उलटे करून खालच्या कडेला तीन हात रंग दिला. उभ्या फळ्यांची रेषांची तोंडे तिथे उघडी असतात आणि लाकूड सर्वांत जास्त पाणी तिथूनच ओढते. एकदा दार टांगले की त्या कडेला ब्रश पोचत नाही. म्हणून बहुतेक घरांतली दारे खालूनच कुजतात. मग दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी, सपाट सागवानावर हलकेच टेकेल एवढीच. थेट ओबडधोबड कोब्यावर टेकवायची असती तर केसाळ ब्रशची पट्टी जास्त बरी, कारण केस खाली-वर जागेशी जुळवून घेतात. उरलेल्या तीन बाजूंना चौकटीच्या खाचेत मऊ पट्टी चिकटवली. ही पुष्कळजण विसरतात आणि मग खाली एवढे करूनही आवाज येतो म्हणून तक्रार करतात.

एक धोक्याची सूचना इथेच द्यायला हवी. प्रत्येक दार असे बंद करू नये. न्हाणीत गॅसचा गिझर असेल तर तिथली फट ही मोकळ्या हवेची वाट असते. ती बुजवणे जिवावर बेतू शकते, कारण हवा कमी पडली की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. असा गिझर मुळात न्हाणीच्या बाहेरच असावा. स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीवर साचतो. तेव्हा सिलिंडर असलेल्या खोलीला जमिनीलगत हवा जायची वाट ठेवलीच पाहिजे. आमच्याकडे वडिलांची खोली बंद केली, स्वयंपाकघराला मात्र परसाकडची जाळी आहे. जुन्या घरांना कौलांमधून श्वास घेता येत असे. सिमेंटच्या घरांना आपण वाट ठेवू तेवढीच हवा.

आता उंबऱ्याच्या चौथ्या कामाबद्दल. ते मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते सुताराचे नव्हते, समाजाचे होते. उंबरा वारा-पाणी अडवी तसा माणसांनाही अडवी. मुंडकार पायरीशी थांबे. काही जातींची माणसे वसरीच्याही खाली. घरातल्या घरात, महिन्यातले चार दिवस बाई स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या उंबऱ्याच्या बाहेर. विधवेला कोणता उंबरा ओलांडता येई आणि कोणता नाही, हेही ठरलेले. चार इंचांचे लाकूड, पण ते ओलांडायला कित्येकांना जन्म पुरला नाही. उंबऱ्याच्या आठवणीने गहिवरणारे लेख वाचताना मला नेहमी वाटते, हे लिहिणारा उंबऱ्याच्या आत बसलेला आहे.

म्हणून आतली दारे सपाट झाली याचे मला वाईट वाटत नाही. सपाट जमिनीवरून झाडू सरळ जातो, लहान मूल रांगत जाते, म्हातारे माणूस वॉकर ढकलीत जाते, आणि कोणीही कुणाला 'तिथेच थांब' म्हणत नाही. सिमेंटने हे काम नकळत केले असेल, पण केले. गेले ते परत आणायचेच असेल तर निवडून आणावे. पाणी, किडे, धूर आणि आवाज अडवणारे काम परत यावे. माणसे अडवणारे येऊ नये. अर्ध्या इंचाच्या लाकडात पहिले मावते आणि दुसरे मावत नाही.

मेस्ताने बिल देताना त्या पट्टीचे नाव काय लिहिले होते ते मी पाहिले. ना 'पट्टी', ना 'प्रोफाइल'. त्याने सरळ 'उंबरा, नग १' असे लिहिले होते. उंबराच्या झाडाचे नाव लाकडातून दगडात आले, तसेच ते या अर्ध्या इंचाच्या सागवानातही आले. चौकट पुन्हा चार लाकडांची झाली, आणि वडील रोज सकाळी वॉकर घेऊन त्या चौथ्या लाकडावरून, खाली न पाहता, वसरीवर येऊन बसतात.